माघातला वसंत

छापील मराठी पंचांगात वसंत चार वेळा सुरू होतो. माघ शुद्ध पंचमीला वसंतपंचमी असते. इंग्रजी तारखेने ती जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत केव्हाही येते. १८-१९ फेब्रुवारीला सूर्य सायन मीन राशीत जातो, तेव्हा सौर वसंत ऋतूचा आरंभ नोंदवलेला असतो. फाल्गुन वद्य प्रतिपदेला, म्हणजे धुळवडीच्या रकान्यात, ‘वसंतोत्सवारंभ’ आणि ‘आम्रकुसुमप्राशन’ हे शब्द सापडतात. आणि शाळेत पाठ केलेल्या सहा ऋतूंच्या हिशेबाने वसंत त्यानंतर पंधरवड्याने, चैत्र शुद्ध प्रतिपदेला लागतो. पहिल्या आणि शेवटच्या आरंभात सुमारे ५५ दिवसांचे अंतर आहे. त्याच हिशेबात माघ आणि फाल्गुन हे शिशिराचे महिने असल्यामुळे चारांपैकी तीन आरंभ हिवाळ्याच्या हद्दीत पडतात. सुशिक्षित वाचक यावरून बहुधा एकच निष्कर्ष काढतो: पंचांगात घोळ आहे, निरनिराळ्या काळांतले नियम एकावर एक साचले आहेत आणि वसंतपंचमी हा त्यातला सर्वांत चुकीचा दिवस आहे. मला हा निष्कर्ष मान्य नाही. ऋतूला एकच उंबरठा असतो हे गृहीत धरले, तरच येथे घोळ दिसतो. दख्खनच्या पठारावर आणि कोकणात थंडी जाणे आणि वसंत येणे या दोन घटना एकामागून एक घडत नाहीत. त्या महिना-दीड महिना एकत्र नांदतात. आपल्या पूर्वजांच्या चालीरीतींनी हा सहवास नेमका टिपला होता आणि सहा ऋतूंच्या चौकटीला तो टिपता आला नाही, हे मला येथे दाखवायचे आहे.

आधी चालीरीतींचा पुरावा पाहू. पंढरपुरात वसंतपंचमीला विठ्ठल-रुक्मिणीचा विवाहसोहळा होतो. त्या दिवसापासून रंगपंचमीपर्यंत देवाला पांढरा पोशाख घालतात आणि त्यावर गुलालाची उधळण होते. माघ शुद्ध पंचमी ते फाल्गुन वद्य पंचमी म्हणजे मोजून ४५ तिथी, बरोबर दीड महिना. होळीची पौर्णिमा धरली तर ४० तिथी होतात. हा आकडा पारंपरिक स्पष्टीकरणातही येतो: प्रत्येक ऋतूचा ४० दिवसांचा गर्भकाळ असतो, म्हणून चैत्रातल्या वसंताचे बीज माघात पडते, असे सांगितले जाते. हे स्पष्टीकरण मागाहून रचलेले वाटते, कारण इतर ऋतूंच्या आधी असा दिवस कोणी पाळत नाही. पण त्यामागचे निरीक्षण खरे आहे. पंढरपूरचा उपचार एका दिवसाचा नाही, तो एका पट्ट्याचा आहे. त्याला आरंभ आहे, शेवट आहे आणि मधले सगळे दिवस एकाच पोशाखाने बांधलेले आहेत. याच पंढरपुरात काशीनाथ उपाध्याय ऊर्फ बाबा पाध्ये यांनी १७९० च्या सुमारास ‘धर्मसिंधु’ हा निबंधग्रंथ रचला. महाराष्ट्रातल्या सणांचे निर्णय त्यानंतर बहुतांशी त्याच्या आधारे होत आले. पंचांगातल्या त्या चार नोंदींपैकी सणांच्या नोंदी अशाच ग्रंथांतून आल्या, आणि कोणत्याही निबंधकाराला त्यांत एकमेकींना खोडणारे काही दिसले नाही.

आता झाडे काय सांगतात ते पाहू. युरोपातल्या वसंताचा क्रम सरळ आहे: बर्फ वितळते, ऊब येते, मग पालवी आणि फुले. सह्याद्रीच्या उतारावरच्या आणि विदर्भातल्या पानझडी जंगलात हा क्रम लागू पडत नाही. येथे पानगळ, थंडी आणि बहर एकाच वेळी चालू असतात. काटेसावर, पांगारा आणि पळस या तिघांचा फुलोरा जानेवारी ते मार्चच्या दरम्यान येतो आणि तो बहुधा निष्पर्ण फांद्यांवर येतो. झाडाने पाने टाकली म्हणून शिशिर म्हणावे, तर त्याच फांदीवर लाल-केशरी फुले असतात. फुले आली म्हणून वसंत म्हणावे, तर पालवीचा पत्ता नसतो. तापमानही दोन्ही बाजूंनी साक्ष देते. पुण्यात फेब्रुवारीचे सरासरी किमान तापमान १२ अंशांच्या आसपास, तर कमाल ३२ अंशांच्या आसपास असते. कोरडी हवा आणि निरभ्र आकाश यांमुळे दिवसाची ऊब रात्री झपाट्याने निघून जाते. पहाटे शाल लागते आणि दुपारी सावली शोधावी लागते. या महिन्यात हिवाळा कोणत्या तारखेला संपला हा प्रश्नच चुकीचा ठरतो, कारण तो दररोज सकाळी परत येतो.

सर्वांत बोलका साक्षीदार आंबा आहे. वसंतपंचमीला देवाला आंब्याचा मोहोर आणि नव्या पिकाच्या लोंब्या वाहण्याची रीत आहे. धुळवडीचे आम्रकुसुमप्राशन म्हणजे मोहोरच प्रसाद म्हणून खाणे. दोन्ही प्रसंगी वसंताची खूण मोहोरच आहे, आणि मोहोर येतो तो थंडीमुळे. पावसाळा संपल्यावर जमिनीतली ओल कमी होते, रात्री गार होऊ लागतात आणि पक्व फांद्यांची वाढ थांबून त्यांतून मोहोर फुटतो. कोकणातल्या हापूसला नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत तो टप्प्याटप्प्याने येतो. थंडी आलीच नाही तर झाडे पालवीच काढत राहतात. उलट थंडी फार लांबली, तर मोहोरात नर फुलांचे प्रमाण वाढते आणि फळधारणा घटते. फळे धरल्यावर पुन्हा कडाका आला तर त्याच झाडावर दुसरा मोहोर येतो. बागायतदार त्याला पुनर्मोहोर म्हणतात. नव्या मोहोराकडे अन्नरस वळल्याने आधीची बारीक कैरी गळून पडते. म्हणजे रत्नागिरी-देवगडच्या बागायतदाराला माघातली थंडी हवी असते, पण बेताची. हिवाळा हा वसंताचा शत्रू आहे आणि तो हटल्याशिवाय वसंत येत नाही, ही कल्पना त्याच्या उपयोगाची नाही. त्याच्या बागेत वसंत हिवाळ्यातून जन्मतो. देशावरच्या रब्बीलाही हेच लागू आहे. पौषात हुरड्याला आलेली ज्वारी माघ-फाल्गुनात कापणीला येते. गव्हाचा दाणा भरतो तो याच गार रात्रींवर, आणि फेब्रुवारीत एकदम ऊन तापले तर तो आकसून बारीक राहतो. देवापुढे ठेवलेल्या लोंबीत रेंगाळलेल्या थंडीचाही वाटा असतो.

थंडीच्या निरोपाबद्दलही लोकपरंपरा एका तारखेवर थांबत नाही. संक्रांतीपासून तिळगूळ आणि हळदीकुंकू चालते ते रथसप्तमीपर्यंत. त्या दिवशी अंगणात गोवऱ्यांवर दूध उतू घालवून सूर्याला नैवेद्य दाखवतात. ही तिथी वसंतपंचमीनंतर दोनच दिवसांनी येते, म्हणजे वसंताचे स्वागत आणि हिवाळ्यातल्या सूर्योपासनेचा समारोप एकाच आठवड्यात होतात. पुढे माघ वद्य चतुर्दशीला महाशिवरात्र. त्या रात्री थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते असे म्हणतात. तरीही ती गेलेली नसते, कारण पंधरवड्याने पुन्हा म्हणतात की होळी जळाली, थंडी पळाली. हे तीन निरोप आणि वसंताचे आगमन एकाच पट्ट्यात बसवलेले आहे. ही जाण किती जुनी आहे, ते सातवाहनांच्या काळातल्या ‘गाथासप्तशती’वरून कळते. महाराष्ट्री प्राकृतातल्या या संग्रहात माघाच्या थंडीत अंगावरचे पांघरूण विकून बैल घेणारा शेतकरी भेटतो, आंब्याच्या मोहोराने व्याकूळ झालेल्या विरहिणी भेटतात आणि फाल्गुनातल्या उत्सवातली चिखलफेकही भेटते. पांघरुणाची गरज संपलेली नाही आणि पुढच्या कामाला बैल तर हवा आहे, हा त्या शेतकऱ्यापुढचा पेच या पट्ट्यातलाच आहे.

यावर पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप खगोलाचा आहे. आपली पंचांगे निरयन आहेत. ती ताऱ्यांच्या संदर्भात वर्ष मोजतात. ऋतू मात्र संपातावर अवलंबून असतात, आणि संपातबिंदू वर्षाला सुमारे ५० विकला मागे सरकतो. परिणामी पंचांगातली प्रत्येक तिथी ऋतूंच्या मानाने साधारण ७० वर्षांत एक दिवस पुढे जाते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा आणि तो दिवस मकरसंक्रांतीचा होता. आज संक्रांत १४-१५ जानेवारीला येते. मराठी मनात संक्रांतीशी जोडले गेलेले पानिपतचे युद्ध १४ जानेवारी १७६१ ला झाले, पण गणिताने त्या वर्षीची संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येऊन गेली होती. तेव्हा वसंतपंचमी आज हिवाळ्यात दिसते ती केवळ या सरकण्यामुळे, असे म्हणता येईल का? येथे दिशा लक्षात घ्यावी लागते. तिथ्या ऋतूत पुढे सरकतात, म्हणजे जितके मागे जावे तितकी माघ शुद्ध पंचमी हिवाळ्यात आणखी खोल जाते. वेदांग ज्योतिषात माघ शुद्ध प्रतिपदा आणि उत्तरायणारंभ एकाच वेळी येतात असे धरले आहे. त्या काळी माघ शुद्ध पंचमीला वर्षातला सर्वांत लहान दिवस नुकताच होऊन गेलेला असे. ‘धर्मसिंधु’ रचला गेला तेव्हाची वसंतपंचमी ऋतुमानाने आजच्यापेक्षा तीन-चार दिवसच अलीकडे होती. सरकण्याने हा सण वसंतापासून दूर गेलेला नाही; तो वसंताच्या जवळ आला आहे. शिवाय पंचमी आणि पाडवा दोन्ही एकाच वेगाने सरकतात, त्यामुळे त्यांच्यातले ५५ दिवसांचे अंतर कोणत्याही शतकात तेवढेच राहते. ज्या अंतरामुळे घोळाचा आरोप होतो, त्याचे कारण अयनचलन, म्हणजे संपाताचे हे सरकणे, असूच शकत नाही.

हा वाद महाराष्ट्रात जितक्या तळमळीने झाला तितका क्वचितच कुठे झाला असेल. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६५ पासून आधुनिक वेधांच्या आधारे पटवर्धनी पंचांग काढले. विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी त्यापुढे जाऊन सायन, म्हणजे संपातापासून वर्ष मोजणाऱ्या, पंचांगाचा पुरस्कार केला. ऋतूंसाठी सांगितलेली धर्मकृत्ये ऋतूंपासून सुटता कामा नयेत, हे त्यांचे म्हणणे होते. १८९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्रा’त दीक्षितांनी दाखवून दिले की मधु-माधव ही ऋतूंना बांधलेली मासनामे चैत्र-वैशाख या नक्षत्रांवरच्या नावांहून जुनी आहेत. छत्र्यांचे विद्यार्थी असलेल्या टिळकांनी १८९३ च्या ‘ओरायन’मध्ये याच सरकत्या संपाताचा उपयोग वेदकाल ठरवण्यासाठी केला आणि पंचांगाच्या बाबतीत मात्र शुद्ध निरयन पक्ष धरला. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली, तेव्हा तिच्यात नागपूरचे के. ल. दप्तरी आणि पुण्याचे ज. स. करंदीकर होते. या समितीने सुचवलेली राष्ट्रीय दिनदर्शिका २२ मार्च १९५७ ला, म्हणजे १ चैत्र शके १८७९ ला सुरू झाली. तिच्यात वसंताचे महिने फाल्गुन आणि चैत्र आहेत, आणि राष्ट्रीय फाल्गुन २० फेब्रुवारीला लागतो. सूर्याच्या गतीवरून ऋतू ठरवणाऱ्या या शास्त्रज्ञांनीही वसंत मार्च-एप्रिलच्या संधीवरून उचलून फेब्रुवारीत आणला, हे लक्षणीय आहे. वसंतपंचमी या तारखेच्या कधी दोन-चार दिवस, तर कधी चार आठवडे आधी येते. सुधारकांच्या ज्ञानाबद्दल आणि निष्ठेबद्दल मला नितांत आदर आहे. पण त्यांचा सारा वाद उंबरठा कोणता या प्रश्नाभोवती फिरला. उंबरठ्याऐवजी ओसरी असू शकते, हा विचार त्यात आला नाही.

दुसरा आक्षेप असा की वसंतपंचमी हा मुळात उत्तरेचा सण आहे. मोहरीची पिवळी शेते, बंगालची सरस्वतीपूजा, व्रजातली होळीची सुरुवात हे त्याचे खरे संदर्भ. महाराष्ट्रात तो उसना आला, म्हणून येथल्या हवामानाचा पुरावा म्हणून तो वापरू नये. सणांचा प्रवास होतो हे खरेच आहे. होलाका हा पूर्वेकडच्या लोकांचा आचार म्हणून जैमिनीच्या मीमांसासूत्रांवरील शाबरभाष्यात येतो आणि आज त्याच होळीशिवाय कोकणचा शिमगा किंवा गोव्याचा शिगमो कल्पिता येत नाही. प्रश्न उगमाचा नसून रुजण्याचा आहे. महाराष्ट्राने सरस्वतीपूजन आश्विनात, दसऱ्याला ठेवले. माघातल्या पंचमीला ते आणले नाही. त्याऐवजी या दिवसाला मोहोर, लोंब्या आणि पंढरपूरचे लग्न जोडले. उसन्या सणातून येथल्या लोकांनी काय ठेवले आणि काय सोडले हाच पुरावा आहे, आणि त्यांनी ठेवले ते नेमके येथल्या शेतात त्या आठवड्यात हाती लागणारे होते.

तिसरा आक्षेप आधुनिक आहे: महाराष्ट्रात वसंत असतोच कुठे? भारतीय हवामान विभाग जानेवारी-फेब्रुवारी हिवाळा मानतो आणि मार्च ते मे हा मोसमी पावसापूर्वीचा, उन्हाळ्याचा काळ मानतो. वसंत नावाचा कप्पाच त्यात नाही. विभागाचे वर्गीकरण त्याच्या कामासाठी योग्य आहे, कारण त्याला वारे, वायुभार आणि पाऊस यांचे गट करायचे असतात. पण त्यावरून वसंत नाही असे ठरत नाही; तो तापमापकावर वेगळा काढता येत नाही, एवढेच ठरते. पळस, पांगारा, मोहोर आणि गव्हाची लोंबी ही मोजमापाची वेगळी साधने आहेत. शिवाय हवामानशास्त्रच सांगते की फेब्रुवारी हा सरळ उतार नसतो. पश्चिमी विक्षोभ उत्तर भारतावरून पुढे सरकले की मागून उत्तरेचे कोरडे, गार वारे महाराष्ट्रापर्यंत येतात. फेब्रुवारी २०१९ मध्ये नाशिक-निफाडच्या पट्ट्यात पारा ५ अंशांखाली उतरला तो वसंतपंचमीच्याच सुमारास. त्या वर्षी पंचमी १० फेब्रुवारीला होती. अशा वेळी द्राक्षबागायतदार घड वाचवण्यासाठी रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. २०१४ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्याच्या मोठ्या भागात गारपीट झाली आणि काढणीला आलेला रब्बी हंगाम झोपला. होळीपर्यंत थंडीला गेलेली धरू नये, हा जुना सावधपणा या नुकसानीच्या प्रकाशात किती व्यवहारी होता ते कळते.

शेवटचा प्रश्न सर्वांत गंभीर आहे आणि त्याला मी पूर्ण उत्तर देऊ शकत नाही. हवामान बदलत असताना हे सारे निरीक्षण शिळे झाले नाही का? भारतात १९०१ पासूनच्या नोंदींत सरासरी कमाल तापमान सर्वांत जास्त असलेला फेब्रुवारी २०२३ चा ठरला. फेब्रुवारीच असा तापू लागला तर पहाटेची थंडी आणि दुपारचा बहर यांचा सहवास आखडत जाईल. तसे झाले तर मोहोराचे टप्पे विस्कळीत होतील, गव्हाचा दाणा भरायला गार रात्री उरणार नाहीत आणि वसंतपंचमीचा पायाच निघून जाईल. पंचांगात ती तरीही छापली जाईल, कारण तिथीला झाड लागत नाही. पण याच कारणाने या पट्ट्याचा इतिहास आज महत्त्वाचा आहे. काय बदलले हे कळण्यासाठी आधी काय होते याची नोंद लागते, आणि दोन हजार वर्षांची अशी नोंद आपल्याकडे गाथेपासून निबंधग्रंथांपर्यंत, पंढरपूरच्या उपचारांपासून कोकणच्या बागायतीपर्यंत विखुरलेली आहे. तिला अंधश्रद्धा किंवा गणिताची चूक म्हणून बाजूला सारणे हे शास्त्रीय वृत्तीचे लक्षण नाही. दीक्षितांनी वेदांपासून विलायती वेधांपर्यंतचे सारे पुरावे एका ग्रंथात आणले, तसे आता दापोलीच्या कृषी विद्यापीठातली मोहोराची निरीक्षणे, हवामान विभागाची तापमाने आणि गावोगावच्या या चालीरीती एकत्र मांडायला हव्यात. पहिला मोहोर केव्हा दिसला, पळस केव्हा फुलला, शेवटची शेकोटी केव्हा विझली, हे प्रत्येक तालुक्याने दरवर्षी लिहून ठेवायला खर्च लागत नाही, सातत्य लागते. ते सातत्य तिथी पाळणाऱ्या समाजाकडे आहेच. ते आता झाडाच्या नोंदीकडे वळवले, तर पुढच्या पिढीला वसंत किती सरकला आणि थंडी किती उरली हे अंदाजाने सांगावे लागणार नाही.